गाडीची नाडी

अण्णा, माझे वडील, मंगळवारी सकाळी गेले. मी परभणीला कॉलेजात होते. अण्णांचे मित्र गफारचाचा निरोप घेऊन आले, मी त्यांच्याबरोबर एसटीत बसले आणि ताडकळसला उतरले. ट्रक घरासमोर उभा होता. अण्णा घरात होते.

माझ्या आयुष्यात धाडस म्हणावं असं फारसं काही घडलं नाही. पुस्तकं वाचली, मुलींना शिकवलं, वेळ झाल्यावर निवृत्त झाले. पण अण्णा गेल्यानंतर पाच महिन्यांनी मी तीन दिवस एका इंजिनासमोर हट्टानं बसले होते. त्या तीन दिवसांबद्दल मी कुणाशी फार बोलले नाही. आई होती तोवर बोलता येण्यासारखंही नव्हतं. ती मागच्या पौषात गेली. आता लिहायला हरकत नाही असं वाटतं, तरी हात सावकाशच चालतो.

आमचं घर रस्त्याला लागून होतं, कारण अण्णांना ट्रक डोळ्यांसमोर लागायचा. घर बांधताना त्यांनी स्वयंपाकघराची खिडकीही ट्रकच्या बाजूला काढली. आई म्हणायची, "मला वाटलं माझ्या उजेडासाठी खिडकी केली. ही तर सवत बघत बसायला केली." ट्रक जुन्या घडणीचा, लांब नाकाचा. इंजिन त्या नाकात, वरचं झाकण उचललं की सगळं समोर. इंजिनाच्या कुशीला एक बारीक नळी होती आणि तिच्यात हातभर लांबीची पोलादी पट्टी खोचलेली असे. पट्टीच्या खालच्या टोकावर दोन खुणा. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये दिसलं की इंजिन चालू करायला हरकत नाही. बाकीचे ड्रायव्हर तिला तेलाची पट्टी म्हणत. अण्णा नाडी म्हणायचे.

रोज सकाळी, दूधवाल्याची सायकल पुढे गेली की झाकण उचलल्याचा आवाज येई. अण्णा पट्टी काढत, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसत, पुन्हा खोचत, पुन्हा काढत, आणि उगवतीकडे तोंड करून डोळे बारीक करून बघत. मग खिडकीकडे बघून म्हणत, "नाडी चांगली हाय." तेवढं ऐकून आई तव्यावर भाकरी टाकायची. भाकरी, अंबाडीची भाजी किंवा जवसाची चटणी आणि फोडलेला कांदा, हे फडक्यात बांधून घेतल्याशिवाय अण्णा निघाले नाहीत. मला लहानपणी वाटे की नाडी बघितल्याशिवाय भाकरी टाकायची नसते, असा कुठला तरी नियमच आहे.

दर अमावास्येला आई गाडीची पूजा करायची. दुसरे लोक काचेपाशी लिंबू-मिरची बांधतात, चाकाला नारळ फोडतात. आई झाकण उचलायला लावायची आणि हळदीकुंकू त्या पट्टीच्या वरच्या कडीला लावायची. "जीव जितं हाय, पूजा बी तितंच," असं तिचं म्हणणं. कोरडं हळदीकुंकू ते, अण्णा पूर्णेच्या नाक्यावर पोहोचेपर्यंत उडून जात असेल. अण्णा हसायचे, पण दर अमावास्येला न सांगता झाकण उचलून धरायचे.

अण्णा गेल्यावर आत्या महिनाभर राहिली. तिनं आईला काय करायचं आणि काय करायचं नाही ते सांगितलं. कुंकवाच्या करंड्याला हात लावायचा नाही. दिवसा अंगणात बसायचं नाही. आत्या वाईट नव्हती, तिला तिच्या वेळी जे सांगितलं गेलं तेच ती सांगत होती. मी परभणीला परत गेले. सुट्टीत आले की ट्रक त्याच जागी दिसायचा, चाकांभोवती गवत जरा वाढलेलं.

दिवाळीच्या सुट्टीला आले तेव्हा नानांनी ट्रक भंगारात द्यायचं ठरवलं होतं. नाना म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, शेती बघायचे. ते म्हणाले, "बाईमाणसाच्या घरी ट्रक ठिवून काय करायचं? पूर्णेचा भंगारवाला बाजारच्या दिशी येतोय." त्यापुढचं ते बोलले नाहीत, पण मला कळलं. ट्रक गेला की आईच्या हातात स्वतःचं असं काही राहणार नव्हतं. मग तिचं घर नाना चालवणार, आणि नाना चालवणार म्हणजे माझं कॉलेज पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. त्यानंतर मला बघायला येणाऱ्यांसाठी पोहे.

आणि त्याच वेळी गफारचाचा आले. आयुष्यभर दुसऱ्यांचे ट्रक चालवलेले. दारात उभे राहून, आत न बघता, आईला म्हणाले, "भाभी, कापूस निघाला. जिनिंगला गाड्या लागायल्यात. गाडी मी चालवतो, मालकीण तुमी." आई दाराआडून म्हणाली, "नानाला इचारा." नाना म्हणाले, "बाजारपातूर चालू झाली तर ऱ्हाऊ द्या. न्हाई झाली तर जाईल." बाजार चार दिवसांवर होता.

चाचांनी बॅटरी चार्ज करून आणली, डिझेलच्या नळ्या साफ केल्या, गवत काढलं. मग झाकण उचललं आणि सवयीनं दोन बोटं त्या कडीत घालून पट्टी ओढली. पट्टी आली नाही. त्यांनी बोटं बदलली. तरी नाही.

"काय झालं?" नाना म्हणाले.

"पट्टी येईना."

"येईना म्हंजे? सरा बाजूला." नानांनी पक्कड आणली आणि शेतातला खुंटा उपटावा तसा जोर लावला. कडी वाकली. चाचांनी त्यांचं मनगट धरलं.

"नाना, तुटंल. तुटून तुकडा खाली तेलाच्या चेंबरात पडला की इंजिन खोलायची पाळी. मंग भंगारवाला बी तोंड वाकडं करंल."

"तर मंग तशीच चालू करा की. तेल हाय का न्हाई ते वासानं सांगा. एवढे जुने डायवर तुमी."

"नाडी बघितल्याबिगर मी आजवर सेल मारला न्हाई," चाचा शांतपणे म्हणाले. "पाच महिने उभी हाय. तेल झिरपून गेलं असलं तर कोरडं इंजिन धा मिनिटात जाम व्हतंय. दोस्ताची गाडी हाय. माझ्या हातानं मरायची न्हाई."

सगळं तेल खालून काढून नवं मोजून भरता आलं असतं, पण चेंबरच्या नटाची तोंडं झिजून गोल झाली होती. त्याला हात लावला तर ते नवीनच दुखणं. म्हणजे सगळं त्या हातभर पट्टीवर येऊन थांबलं होतं. पावसाळा अंगावर घेतलेल्या गाडीत पट्टी गंजून बसली असणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. नळीच्या तोंडाशी तांबूस-काळी खपली दिसतच होती.

"मी काढते," मी म्हणाले.

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही बोनेटच बोललं. "पुस्तक वाचून निघती व्हय ती?"

"वाचून नाही. बसून."

चाचा हसले नाहीत. त्यांनी घासलेटाची बाटली माझ्या हातात दिली. "थेंब थेंब सोड, बेटा. एक ध्यानात ठेव. वढायचं न्हाई, फिरवायचं. वढणाऱ्याच्या हातात तुकडा येतो." त्यांना कापसाच्या फेऱ्यांचं बोलणं करायला पालमला जायचं होतं. बाजाराच्या आदल्या दिवशी येतो म्हणाले.

दोन दिवस मी मडगार्डवर पोतं टाकून बसले. कापसाच्या बोळ्यानं घासलेट सोडायचं, वाट बघायची, कडी धरून डावीकडे, उजवीकडे, अगदी हलका पीळ द्यायचा. कडी आधीच वाकलेली, त्यामुळे जोराचा मोह झाला की मी हात मांडीखाली घालायची. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबायच्या. "काय गं सुमन, डायवर झालीस का काय?" "हॉर्न तरी वाजवून दाखीव." मी मान हलवायची. कॉलेजात चार ओळी मोठ्यानं वाचायच्या म्हटलं की माझा आवाज जायचा, आणि इथे मी भर रस्त्यात इंजिनात डोकं घालून बसले होते. पण लाज वाटायला जागाच उरली नव्हती. मी फक्त त्या नळीचं तोंड बघत होते.

दुपारी हाताला घासलेटाचा वास. आईनं खिडकीतून भाकरीचे घास करून दिले. गजांतून तिचा हात बाहेर यायचा, मी वाकून घास घ्यायची. पाचवी-सहावीनंतर तिनं मला भरवलं नव्हतं. ती एवढंच विचारायची, "निघंल का गं?" मी म्हणायची, "निघेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना शेतातून येताना थांबले. मला वाटलं, टोमणा मारतील. ते समोरच्या चाकाला टेकून उकिडवे बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "सुमे, मला लय हौस न्हाई भंगाराची. पर रोज सकाळी दार उघडलं की ही उभी दिसती. अन् दादा दिसत न्हाई." मग उठून गेले. मी त्यांचा राग करत होते. त्यानंतर मला तो नीट करता आला नाही.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी, मी पोती शिवायचं दाभण घेतलं. घासलेटानं गंज सुटत नाही, तर तो खरवडून बघू, एवढाच विचार. दाभणाचं टोक खपलीत घातलं आणि वरचा काळा मळ निघाला. आत गंज नव्हता. आत नारंगी होतं. ओलं नव्हे, भुसभुशीतही नव्हे, नखानं दाबलं तर काचेसारखं टणक. गंज कुठल्याही लोखंडाचा असो, बोटाला पूड लागते. याची पूड होत नव्हती, याचा कपचा निघत होता. मी तो कपचा तळहातावर घेऊन चोळला आणि हुंगला. घासलेटाच्या खालून एक ओळखीचा, कडवट, चटणीच्या डब्यासारखा वास आला.

मी तशीच घरात गेले. आई भाकऱ्या थापत होती. देवळीत, देवांच्या मागे, एक पितळी वाटी होती. तिच्यात शेंदूर कालवलेला होता आणि त्यावर जाड कातडं आलं होतं.

"आई, हे काय?"

तिनं वळून बघितलं आणि हात परातीतच ठेवला. "देवाचं हाय."

मी उभी राहिले. ती आपणहून बोलली, भाकरीशी बोलावं तशी. "वन्सं म्हणल्या, आता कुंकवाला हात लावायचा न्हाई. मंग गाडीची आवस कशी करायची? शेंदूर देवाचा असतोय, त्याला कोण आडवतंय? जवसाचं तेल घरातच व्हतं, त्यात कालवला. कुणी उठायच्या आदी जाऊन लावून येते. झाकण लय जड हाय गं, एकटीला उचलत न्हाई. डोक्यावर धरते." भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "तुझ्या अण्णाची नाडी हाय ती. बिनपूजेची कशी ठिवू?"

जवसाचं तेल वाळतं. शेंगदाण्याचं वर्षभर ठेवलं तरी तेलच राहतं. जवसाच्या तेलात चित्रकार रंग कालवतात आणि तो पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही, हे मी कॉलेजच्या ग्रंथालयात एका जाड पुस्तकात वाचलं होतं. शेंदूर घातला की ते आणखी टणक होतं. नळाच्या जोडांतून पाणी गळू नये म्हणून जुने कारागीर हेच दोन जिन्नस कालवून लावायचे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. अण्णा असते तर रोज सकाळी पट्टी निघाली असती आणि काहीच झालं नसतं. पण ते नव्हते म्हणून पट्टी निघत नव्हती, आणि ते नव्हते म्हणूनच कुंकवाच्या जागी शेंदूर आला होता. आईनं पाच अमावास्या, जड झाकण डोक्यावर पेलून, फार जपून, कडीवरून ओघळणाऱ्या शेंदरानं ते तोंड बंद केलं होतं.

"आई, धुण्याचा सोडा कुठं आहे?"

"मोरीत, डब्यात. कशाला?"

"हात धुवायला."

तेलरंग सोड्याच्या कढत पाण्यानं सुटतो, हे त्याच पुस्तकातलं. मी पातेलं चुलीवर ठेवलं, सोडा टाकला. फडकं त्यात बुडवून घट्ट पिळायची, म्हणजे थेंब आत जाणार नाही, आणि नळीच्या तोंडाला गुंडाळायची. फडकं निवलं की दुसरं. सुजलेल्या गुडघ्याला शेक द्यावा तसं. बोटं भाजली, नखांच्या कडांना सोडा झोंबला. दर शेकानंतर दाभणानं थोडं खरवडायचं, कपचे बाहेरच्या बाहेर ओल्या कापसानं टिपायचे. थर एकावर एक होते. दुपारपर्यंत तीनदा आईनं खिडकीतून विचारलं, "निघंल का?" आणि मी तीनदा "निघेल" म्हणाले. खरं तर मला तेव्हा भीती वाटत होती की निघेल, आणि मग सगळे विचारतील, कशानं अडकली होती.

ऊन कलल्यावर चाचा आले, मागोमाग नाना. मी कडी धरली. ओढलं नाही. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आतून टक् असा बारीक आवाज आला, भाजलेल्या शेंगेचा येतो तेवढाच, आणि पट्टी माझ्या बोटांबरोबर केसभर फिरली. मग आणखी. मग ती वर आली, हळूहळू, काळ्या तेलानं माखलेली, अख्खी.

चाचांनी ती हातात घेतली, फडक्यानं पुसली, पुन्हा आत घालून काढली आणि उगवतीकडे नव्हे, मावळतीकडे वळून बघितली, कारण ऊन तिकडे होतं. तेल खालच्या खुणेच्या बोटभर वर होतं.

"हाय," ते म्हणाले.

"आडकली कशानं व्हती?" नानांनी विचारलं. खिडकीत आई उभी होती. मडगार्डवर माझं दाभण पडलं होतं आणि त्याच्या टोकाला नारंगी कपचा. चाचांनी तो बोटावर घेतला. चोळला. नाकाशी नेला. मग त्यांनी एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, बोट पायजम्याला पुसलं आणि गरजेपेक्षा जरा मोठ्यानं म्हणाले,

"गंज हाय, नाना. लय जुना गंज."

बाजारच्या दिवशी सकाळी दुसऱ्या सेलला इंजिन लागलं. आधी काळा धूर, मग खोकला, मग तो आवाज. आई दारात आली, उंबऱ्याच्या बाहेर, सगळ्यांदेखत. भंगारवाला दुपारी आला. नानांनी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून घरातलं एक फुटकं घमेलं दिलं.

पुढची अमावास्या दिवाळीतली होती. आमच्याकडे त्या वर्षी सण नव्हता. पहाटे मला जाग आली तेव्हा आई वाटी घेऊन दाराशी होती. मी उठले, तिच्या हातातली वाटी घेतली आणि कपाटातून करंडा काढून तिच्यासमोर धरला.

"कुंकू लाव, आई."

"येडी झालीस का? लोक काय म्हणतील?"

"तुला कुठं लावायचंय? गाडीला लावायचंय. गाडी काही विधवा झालेली नाही."

मी असं बोलेन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. आई करंड्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. "म्हंजे मी अशी," ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "अन् ही बया सवाशीण!" आम्ही बाहेर गेलो. मी झाकण उचलून धरलं. तिनं दोन बोटांनी कोरडं हळदीकुंकू लावलं, आणि बोटं पदराला न पुसता तशीच ठेवून आत आली.

ट्रक कितीतरी हंगाम चालला. माझं शिक्षण झालं, नोकरी लागली. चाचांची नजर गेल्यावर आईनं स्वतः गिऱ्हाईक बघून तो विकला. दर अमावास्येला ती उजाडल्यावर, लोकांसमोर पूजा करायची. पहिल्यांदा बाया कुजबुजल्या, मग त्यांना सवय झाली. पट्टी कशानं अडकली होती हे मी तिला सांगितलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही. न विचारण्याचं कारण तिला कळलं होतं, की तिला विचारायची गरजच वाटली नव्हती, हे मला माहीत नाही. ती होती तोवर विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

अण्णा नाहीत, चाचा नाहीत, आई नाही. नाना आहेत. त्यांना आता ऐकू येत नाही. मी पंधरा दिवसांतून एकदा एसटीनं ताडकळसला जाते आणि आम्ही दोघं ओट्यावर बसतो.